गोदाकाठचा गारठा

नागपूरहून हैदराबादला रेल्वेने निघालात, की बल्लारशाह मागे पडल्यावर गाडी तेलंगणात शिरते. सिरपूर कागजनगर, मंचेरियाल अशी स्टेशने घेत ती गोदावरी ओलांडते आणि थोड्याच वेळात रामगुंडम येते. नाशिक-नांदेडची गोदावरी इथे चांगली रुंद झालेली असते. पुढे कालेश्वरमला, गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या समोर, तिला प्राणहिता मिळते. या भागातला कोळसा आणि चंद्रपूर-वणीकडचा कोळसा भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने एकाच गोंडवन पट्ट्यातला. सिंगरेणीच्या खाणी, एनटीपीसीचे प्रचंड वीजकेंद्र आणि भाजून काढणारा उन्हाळा ही रामगुंडमची ओळख. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

याच गावात १९८० ते १९९९ या काळात एका खत कारखान्यात मिथेनॉल शून्याच्या कितीतरी खाली गार करून उंच पोलादी टॉवरांमधून फिरवले जात होते. कोळशापासून तयार केलेला वायू त्या मिथेनॉलने धुतला जाई आणि मग त्यातून अमोनिया व युरिया तयार होई. कारखाना भारतीय खत निगमचा. ओडिशात तालचेरला त्याचा जुळा भाऊ होता. दोन्हींची रचना एकसारखी होती: दिवसाला ९०० टन अमोनिया आणि १,५०० टन युरिया. कोळशावर चालणारे एवढे मोठे खत कारखाने भारतात त्याआधी झाले नव्हते. हे दोन्ही कारखाने बंद पडले, म्हणून त्यांची आठवण सहसा अपयश म्हणूनच काढली जाते. मला मात्र वाटते की कोळशाच्या वायूकरणाबद्दल आज देशात जी नवी लगबग सुरू आहे, ती समजून घ्यायची तर सुरुवात रामगुंडमपासून करायला हवी. आणि रामगुंडम समजून घ्यायचे तर आधी ते थंड मिथेनॉल समजून घ्यायला हवे.

वायू धुवायचा म्हणजे काय, तिथून सुरू करू. अमोनियासाठी नायट्रोजन आणि हायड्रोजन लागतात. नायट्रोजन हवेत भरपूर आहे. खरा प्रश्न हायड्रोजनचा. कोळसा ऑक्सिजन आणि वाफेबरोबर अर्धवट जाळला तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण मिळते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडची उत्प्रेरकावर वाफेशी प्रक्रिया घडवली की आणखी हायड्रोजन तयार होतो, आणि सोबत ढीगभर कार्बन डायऑक्साइड. कोळशात गंधक असतेच. जळण्यासाठी पुरेसा ऑक्सिजन नसल्याने त्याचे सल्फर डायऑक्साइड होत नाही. होतो हायड्रोजन सल्फाइड, आणि थोड्या प्रमाणात कार्बोनिल सल्फाइड. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही पाण्यात विरघळल्यावर आम्लधर्म दाखवतात, म्हणून कारखान्याच्या भाषेत यांना आम्लवायू म्हणतात.

हायड्रोजन सल्फाइडची ओळख हैदराबादकरांना वेगळी करून द्यायला नको. उन्हाळ्यात हुसेन सागराच्या काठाने जाताना नाकाला झोंबणारा सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. हवेच्या दहा कोटी भागांत तो एखादा भाग असला तरी माणसाला कळतो. पण त्यावर भरवसा ठेवणे जिवावर बेतते, कारण दहा लाखात शंभर भागांच्या आसपास प्रमाण गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. प्रमाण सातशेच्या वर गेले की काही श्वासांत शुद्ध हरपते आणि मृत्यू ओढवतो. गटारात उतरलेल्या सफाई कामगारांचे जे मृत्यू आपण दरवर्षी वाचतो, त्यांत हाच वायू पुष्कळदा मारेकरी असतो. वायूसंयंत्रात काम करणारा माणूस म्हणूनच नाकापेक्षा छातीवर लावलेल्या डिटेक्टरचे ऐकतो.

कारखान्यातल्या उत्प्रेरकाला हा वायू त्याहून कितीतरी कमी प्रमाणात मारतो. अमोनियासाठी लोखंडाचा आणि मिथेनॉलसाठी तांबे-जस्ताचा उत्प्रेरक वापरतात. गंधक त्यांच्या पृष्ठभागावर चिकटून बसते आणि हटत नाही. मिथेनॉलच्या उत्प्रेरकाला दहा लाखात एक दशांश भाग गंधकही खपत नाही. कार्बन डायऑक्साइडची अडचण निराळी. रामगुंडमसारख्या कारखान्यात वायूतला उरलासुरला कार्बन मोनॉक्साइड काढण्यासाठी तो शेवटी उणे १९० अंशांच्या आसपास द्रव नायट्रोजनने धुतला जातो. तिथे कार्बन डायऑक्साइडचा अंश जरी पोचला तरी त्याचा घन बर्फ होऊन नळ्या तुंबतात. दोन्ही वायू काढायचे, तेही जवळजवळ शेवटच्या रेणूपर्यंत, आणि तासाला लाखभर घनमीटर वायू वाहत असताना.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचे रस्ते उजळणाऱ्या कोळशाच्या वायूतले गंधक लोहाच्या ऑक्साइडच्या थरांतून तो गाळून काढत. दिव्यांसाठी ते पुरेसे होते, खतासाठी नाही. नैसर्गिक वायूवरच्या आजच्या बहुतेक कारखान्यांत अमाइन नावाची सेंद्रिय द्रव्ये पाण्यात मिसळून वापरतात. अमाइन आम्लवायूला रासायनिक बंधाने धरून ठेवते आणि गरम केल्यावर सोडते. वायूचा दाब कमी असला तरी ते चालते. पण रासायनिक बंध तोडायला उष्णता खूप लागते, आणि अमाइनच्या प्रत्येक रेणूला जेवढे धरता येईल त्यापलीकडे ते धरत नाही. आम्लवायू थोडे असतील तर हे परवडते. कोळशाच्या वायूत कार्बन डायऑक्साइडच एक तृतीयांशाच्या घरात असतो. तिथे हिशेब बदलतो.

दुसरा मार्ग आहे नुसते विरघळवण्याचा. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये दाखवून दिले, की द्रवात वायू किती विरघळेल हे त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असते. दाब दुप्पट, तर विरघळलेला वायू दुप्पट. इथे बंध नाही, त्यामुळे मर्यादाही नाही. आणि सोडवायचे झाले तर दाब उतरवला की काम झाले. तापमानाचा नियमही आपल्या परिचयाचा आहे. बर्फात ठेवलेली सोड्याची बाटली उघडली तर ती शांतपणे फसफसते, उन्हात तापलेली उघडली तर निम्मा सोडा सदऱ्यावर. द्रव जेवढा गार, तेवढा त्यात वायू जास्त राहतो. पाण्याऐवजी मिथेनॉल घेतले आणि ते उणे चाळीस ते उणे साठ अंशांपर्यंत नेले, की कार्बन डायऑक्साइड त्यात नेहमीच्या तापमानापेक्षा कित्येक पट जास्त मावतो. पाणी तिथे केव्हाच गोठले असते. मिथेनॉल उणे ९७ अंशांपर्यंत द्रव राहते, आणि एवढ्या थंडीतही ते पातळ, सहज वाहणारे असते.

मराठी वाचकाला मिथेनॉल म्हटले की विषारी दारू आठवते. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. थोडेसे मिथेनॉलही डोळे कायमचे घालवू शकते, आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी दिसत नाही. असे धोकादायक द्रव्य हजारो लिटरने फिरवायचे, तेही ज्वलनशील वायूच्या सान्निध्यात, याचे कारण त्याच्या तीन गुणांत आहे. ते स्वस्त आहे. ते सहजासहजी विघटित होत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे तेच तेच वापरता येते. आणि तिसरा गुण सर्वांत मोलाचा: ते निवड करते.

या निवडीवर जरा थांबायला हवे. थंड मिथेनॉलमध्ये हायड्रोजन सल्फाइड कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण सहा पट जास्त विरघळतो. कार्बोनिल सल्फाइड तीन-चार पट. अमाइनला हा कार्बोनिल सल्फाइड त्रास देतो, मिथेनॉलला देत नाही. उलट ज्या हायड्रोजनसाठी हा सारा खटाटोप, तो फारच थोडा विरघळतो. आणि गंमत अशी, की मिथेनॉल जितके गार तितका हायड्रोजन त्यात आणखी कमी विरघळतो. म्हणजे थंडी वाढवली की नको असलेले वायू जास्त पकडले जातात आणि हवा असलेला कमी वाया जातो. एकाच दिशेने दोन्ही फायदे देणारे असे उदाहरण रसायन अभियांत्रिकीत क्वचित मिळते. जर्मनीतल्या लिंडे आणि लुर्गी या दोन कंपन्यांनी ते हेरले आणि रेक्टिसॉल नावाने पद्धत विकसित केली. तिचा पहिला मोठा कारखाना दक्षिण आफ्रिकेत सॅसोलबर्गला १९५५ मध्ये सुरू झाला. तिथे कोळशापासून पेट्रोल बनवले जात होते.

आता टॉवरच्या आत शिरू. वायू येतो तो ओलसर असतो. उणे चाळिसाच्या वाटेवर त्यातल्या पाण्याचा बर्फ होणारच, आणि बर्फाने पहिला उष्णता-विनिमयक तुंबला की सगळे थांबले. म्हणून वायू गार होऊ लागतो तिथेच त्याच्या झोतात थोडे मिथेनॉल फवारतात. पाणी आणि मिथेनॉल मिसळले की गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फाऐवजी द्रव मिश्रण तळाशी गोळा होते. ते पुढे ऊर्ध्वपातनाने वेगळे करतात. या टप्प्यातच हायड्रोजन सायनाइड, अमोनिया आणि डांबरासारखे जे काही सोबत आले असेल ते थोड्याशा मिथेनॉलने उतरवून घेतात. मगच वायू मुख्य टॉवरच्या तळाशी शिरतो आणि वर चढू लागतो. वरून गार मिथेनॉल तबकडीतबकडीने खाली उतरते. खालच्या भागात हायड्रोजन सल्फाइड पकडला जातो, कारण तो जास्त विरघळतो. कार्बन डायऑक्साइडला जास्त मिथेनॉल लागते, तो वरच्या भागात.

वायू विरघळताना उष्णता सोडतो. कार्बन डायऑक्साइड एवढ्या प्रमाणात विरघळतो, की उतरता उतरता मिथेनॉल तापत जाते आणि त्याची धारणशक्ती घटते. म्हणून टॉवरच्या मधूनच ते बाहेर काढून पुन्हा गार करून आत सोडतात. गारवा कुठून आणायचा? काही अमोनियाच्या शीतयंत्रणेतून, जशी मोठ्या शीतगृहात असते. पण मोठा हिस्सा पद्धत स्वतःच देते. तळाला आलेल्या भरलेल्या मिथेनॉलवरचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवला, की विरघळलेला वायू उफाळून बाहेर पडतो आणि जाताना मिथेनॉलची उष्णता घेऊन जातो. विरघळताना जी उष्णता मिळाली होती तीच इथे परत दिली जाते. मिथेनॉल सर्वांत गार होते ते याच क्षणी. जो वायू काढून टाकायचा आहे, तोच जाता जाता पुढच्या फेरीसाठी थंडी ठेवून जातो. उरलेला कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनचा झोत देऊन हुसकावतात, आणि हायड्रोजन सल्फाइड काढण्यासाठी थोडेच मिथेनॉल उकळतात. ते ६५ अंशांच्या थोडे अलीकडेच उकळते. गंधकवायू मग वेगळ्या संयंत्रात जातो, जिथे त्याचे पिवळेधमक गंधक होते.

अशा प्लांटमध्ये उन्हाळ्यात उभे राहिल्यावर आतल्या-बाहेरच्या तापमानात नव्वद अंशांचा फरक असतो. साधे पोलाद उणे चाळिसाला काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून नळ्या आणि टॉवर निकेल मिसळलेल्या किंवा तशाच थंडी सोसणाऱ्या पोलादाचे. त्यावर जाड उष्णतारोधक थर. त्या थराला कुठे चीर गेली, की भर उन्हात त्या जागी पांढरे दहिवर धरते, आणि तेवढ्यावरून जाणत्या ऑपरेटरला गळतीची जागा लांबूनच कळते. गारवा वाचवण्यासाठी बाहेर जाणारा प्रत्येक थंड प्रवाह आत येणाऱ्या प्रत्येक गरम प्रवाहासमोर आणून उभा केलेला असतो. त्यामुळे नकाशावर हा प्लांट फारच गुंतागुंतीचा दिसतो, आणि उभारायला महागही पडतो. रेक्टिसॉलवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप हाच आहे. मला तो अर्धाच पटतो. ही गुंतागुंत हौसेची नाही. गारवा दोनदा विकत घ्यावा लागू नये म्हणून ती आहे.

रामगुंडमला या पद्धतीची निवड का झाली, हे आता उघड आहे. शिवाय युरियाचा मुद्दा होता. एक टन युरियाला सुमारे ०.५७ टन अमोनिया आणि ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणजे दिवसाच्या १,५०० टन युरियासाठी जवळजवळ १,१०० टन कार्बन डायऑक्साइड हवा, आणि त्यात गंधक चालत नाही. दोन्ही आम्लवायू एकत्र बाहेर काढणारी पद्धत इथे निरुपयोगी ठरली असती. मिथेनॉल ते वेगवेगळे काढून देते. वायू धुणारा टॉवर अशा रीतीने युरियाचा कच्चा मालही पुरवतो.

अडचण टॉवरच्या अलीकडे होती. रामगुंडम आणि तालचेरला कोळशाचा वायू करण्यासाठी कॉपर्स-टोट्झेक ही जर्मन पद्धत घेतली होती. तीत पिठासारखा दळलेला कोळसा ऑक्सिजनच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात आणि दीड हजार अंशांच्या वरच्या ज्वाळेत त्याचा क्षणार्धात वायू होतो. कोणताही कोळसा चालतो, डांबर होत नाही, वायू स्वच्छ निघतो, ही तिची ख्याती. पण ती चालते वातावरणाच्या दाबाला. आणि हेन्रीचा नियम तर दाबावर उभा आहे. मिथेनॉलने वायू धुवायचा तर तो आधी तीस-चाळीस पट दाबायला हवा. भट्टीतून निघालेला, कितीही गाळला तरी राखेचे सूक्ष्म कण उरलेला, गंधकाने भरलेला तो सगळाच्या सगळा वायू अवाढव्य कॉम्प्रेसरमधून न्यायचा होता. शिवाय ऑक्सिजन बनवण्यासाठी हवा द्रवरूप करणारा प्लांट, मिथेनॉलचा शीत प्लांट, द्रव नायट्रोजनचा प्लांट. दळण्यापासून दाबण्यापर्यंत प्रत्येक पायरी विजेवर अवलंबून.

आणि वीज टिकत नव्हती. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या वीजटंचाईत विजेचा दाब क्षणभर खाली गेला तरी कॉम्प्रेसर ट्रिप होत. दुसऱ्या कारखान्यात यंत्र पुन्हा चालू करायला तास लागतो. इथे एका टोकाला दीड हजार अंशांची भट्टी आणि दुसऱ्या टोकाला उणे १९० अंशांचा टॉवर. यांच्यामध्ये असलेले प्रत्येक तापमान परत जागेवर आणायचे. थंडी हळूहळूच साठवावी लागते. घाई केली तर नळ्या आकुंचन पावून जोड निखळतात. पूर्ण गारवा यायला दिवस जातात, आणि तोवर पुन्हा वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. कोळशाच्या दर्जातही चढउतार होते. गोंडवनातल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण राख मात्र पस्तीस-चाळीस टक्के. ती राख तापवायलाही ऑक्सिजन खर्च व्हायचा. कारखाना आपल्या पूर्ण क्षमतेने सातत्याने कधीच चालू शकला नाही. ३१ मार्च १९९९ नंतर उत्पादन थांबले. २००२ मध्ये केंद्र सरकारने निगमचे कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला.

अपयशाचा हा इतिहास वाचताना मला खंत वाटते ती एका गोष्टीची. उत्तराचा मोठा भाग दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर हैदराबादमध्येच शोधला जात होता. तारनाक्याला विभागीय संशोधन प्रयोगशाळा होती. आजची भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, आयआयसीटी. तिचे मूळ निजामाच्या राज्यात १९४४ साली स्थापन झालेल्या प्रयोगशाळेत. १९५६ मध्ये ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे, म्हणजे सीएसआयआरकडे आली. संचालक डॉ. हुसेन झहीर यांच्या काळापासून कोळसा हा इथला एक प्रमुख विषय राहिला, कारण सिंगरेणी दाराशी होती. १९८० च्या दशकात या प्रयोगशाळेने लुर्गी पद्धतीच्या, दाबाखाली चालणाऱ्या वायूकारकाची, म्हणजे कोळशाचा वायू करणाऱ्या भट्टीची, पथदर्शी यंत्रणा उभारून भारतीय कोळसा त्यात चालवून पाहिला. दाबाखालच्या वायूकारकात कोळशाचे ढेकळ वरून खाली सरकते, राख तळातून कोरडी निघते आणि वायू पंचवीस-तीस पट दाबानेच बाहेर येतो. मिथेनॉलच्या टॉवरला जो दाब हवा, तो जवळपास तयारच. त्या मळक्या, गरम वायूला दाबणारा कॉम्प्रेसर लागत नाही. ऑक्सिजन आधीच दाबून द्यावा लागतो, पण त्याचे आकारमान बरेच कमी आणि तो स्वच्छ. या पद्धतीत डांबर, नाफ्था, फिनॉल भरपूर निघतात हा तोटा आहे, आणि मिथेनॉलचा पहिला फवारा तिथे अधिक कामाचा असतो. सॅसोलबर्गला हीच जोडी होती: लुर्गीचा वायूकारक आणि रेक्टिसॉल. ओडिशात अंगुळला जिंदालच्या पोलाद कारखान्यात कोळशाच्या वायूवर स्पंज आयर्न बनवतात, तिथेही हीच जोडी आहे.

हैदराबादमध्ये दुसरी वाट भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने, म्हणजे भेलने धरली. दाबाखालचा तरंगता थर, म्हणजे बारीक कोळशाचे कण खालून येणाऱ्या हवेत आणि वाफेत उकळत्या पाण्यासारखे खदखदत ठेवायचे. तापमान हजार अंशांच्या आसपास. आपल्या कोळशाची राख फार वरच्या तापमानाला वितळते, म्हणून ती वितळवण्याच्या भानगडीत न पडता कोरडीच काढायची. जास्त राखेचा कोळसा गृहीत धरून आखलेली ही पद्धत आहे, हे मला तिचे सर्वांत मोठे बळ वाटते. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या पुढाकाराने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या दहा कोटी रुपयांच्या मदतीने भेलने या वायूपासून मिथेनॉल बनवण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. दिवसाला १.२ टन कोळसा घेणाऱ्या वायूकारकातून ०.२५ टन मिथेनॉल, शुद्धता ९८ ते ९९.५ टक्के. १५ जानेवारी २०२२ रोजी हैदराबादच्या भेल संशोधन केंद्रातल्या या संयंत्राचे औपचारिक उद्घाटन झाले. पाव टन म्हणजे साधारण दीड मोठी पिंपे. पण जास्त राखेच्या भारतीय कोळशापासून मिथेनॉलपर्यंतची साखळी देशी आखणीने पूर्ण झाली, ही गोष्ट छोटी नाही. कोळशापासून मिथेनॉल करणाऱ्या मोठ्या कारखान्याला थंड मिथेनॉलची पद्धत आणखी सोयीची पडते, कारण धुण्याचे द्रव्य तो स्वतःच बनवतो. वायूबरोबर जे थोडे मिथेनॉल उडून जाते, त्याची भर घरच्या मालातून घालता येते. अशा कारखान्यात कार्बन डायऑक्साइड पूर्णपणे काढतही नाहीत. मिथेनॉलच्या प्रक्रियेला तो दोन-चार टक्के हवा असतो, म्हणून टॉवर त्या बेताने चालवतात. गंधकाला मात्र सूट नाही.

थंड द्रावक म्हणजे मिथेनॉलच असे नाही. सेलेक्सॉल नावाच्या पद्धतीतले तेलकट द्रव्य शून्याच्या थोडे खालीवर चालते, विषारी नाही, उडून जात नाही. पण गार केले की दाट होते, आणि मिथेनॉलइतकी शुद्धता देत नाही. वीजकेंद्राच्या धुराड्यातून जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसाठी यांपैकी कोणतेच द्रव्य कामाचे नाही. तिथे वायू वातावरणाच्या दाबाला असतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड फार तर चौदा-पंधरा टक्के. हेन्रीचा नियम तिथे हात टेकतो. म्हणून एकाच गावात, एकाच खाणीच्या कोळशावर, एनटीपीसीच्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडणे कठीण आणि जुन्या खत कारखान्यातला सोपा होता.

सोपा, म्हणजे आधीच पकडलेला. ढोबळ हिशेब करू. कोळशापासून एक टन अमोनिया बनवताना वायूतून सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड काढावा लागतो. रामगुंडम पूर्ण क्षमतेने चालले असते तर दिवसाला २,७०० टन. त्यातले १,१०० टन युरियात जाणार. उरलेले सुमारे १,६०० टन, गंधक काढलेले आणि कोरडे, हवेत सोडले जाणार. १९८० मध्ये कोणाला त्याचे काही वाटत नव्हते. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातल्या बुलाह गावाजवळ १९८४ पासून कोळशाचा वायू बनवणारा आणि रेक्टिसॉलनेच धुणारा एक कारखाना चालू आहे. २००० सालापासून तो आपला कार्बन डायऑक्साइड तीनशेहून अधिक किलोमीटरच्या नळाने कॅनडातल्या वेबर्नच्या तेलक्षेत्रात पाठवतो. तिथे तो जमिनीत सोडून जुन्या विहिरींमधले तेल वर आणतात, आणि बराचसा वायू खालीच राहतो. वायू वेगळा करण्याचा खर्च मुख्य उत्पादनाने आधीच उचललेला असल्यामुळे हे जमले.

रामगुंडमला आज पुन्हा युरिया होतो, पण कोळशापासून नाही. रामगुंडम फर्टिलायझर्स अँड केमिकल्सचा नवा कारखाना मार्च २०२१ मध्ये नैसर्गिक वायूवर सुरू झाला. दिवसाला २,२०० टन अमोनिया आणि ३,८५० टन युरिया. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना कार्बन डायऑक्साइड इतका कमी निघतो, की युरियाला तो जेमतेम पुरतो.

कोळशाकडे परत जाण्याचे प्रयत्न दुसरीकडे चालू आहेत. २०३० पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचे प्रकल्प तीत आहेत. हैदराबादला विकसित झालेला भेलचा वायूकारक मोठ्या प्रमाणावर लागणार आहे तो ओडिशातल्या लखनपूरला. कोल इंडिया आणि भेल यांनी त्यासाठी २०२४ मध्ये संयुक्त कंपनी स्थापन केली. तिथे दिवसाला २,००० टन अमोनियम नायट्रेट बनवायचे आहे; खाणीतल्या सुरुंगांसाठी ते लागते. आकडे पाहावेत. एवढ्या अमोनियम नायट्रेटला दिवसाला साधारण ८५० टन अमोनिया लागतो, म्हणजे रामगुंडमच्या जुन्या कारखान्याएवढाच. वायूकारक दाबाखालचा असल्याने रामगुंडमची कॉम्प्रेसरची दुखरी नस इथे नसेल. पण अमोनियम नायट्रेटच्या रेणूत कार्बन नाही. दिवसाला निघणाऱ्या अडीच हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडमधला एक किलोही तिथल्या मुख्य उत्पादनात जाणार नाही. तो कुठे न्यायचा, कोणत्या थरात पुरायचा की कोणत्या रसायनात वळवायचा, हे वायू धुण्याचा टॉवर उभा राहण्याआधीच ठरवावे लागेल. कारण निर्मळ आणि एकवटलेला कार्बन डायऑक्साइड हवा असेल, तर तो नायट्रोजनच्या झोतात पातळ न करता वेगळा काढावा लागतो, आणि त्यासाठी टॉवरची रचनाच मुळात वेगळी आखावी लागते.